उशीखालची पोळी आणि वर्गातली चुळबुळ

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपूर्वी एक मुलगी दत्तक घेतली. तेव्हा ती चार वर्षांची होती. त्याआधी ती दुसऱ्या राज्यातल्या संस्थेत होती आणि तेलुगू बोलायची. आता सात वर्षांची आहे, दुसरीत जाते. घरात कशाचीही कमतरता नाही, तरी उशीच्या अभ्र्यात पोळी आणि लाडू लपवून ठेवते. पाहुणे आले की लगेच त्यांच्या मांडीवर जाऊन बसते. परवा बाजारात एका अनोळखी बाईंचा हात धरून चालू लागली होती. मी जवळ घेतलं की मात्र अंग आक्रसून घेते. वर्गात एका जागी बसत नाही. बाई म्हणतात, एडीएचडी असेल, तपासून घ्या. समुपदेशक म्हणाल्या, लहानपणीचा आघात आहे, वेळ द्या. नातेवाईक म्हणतात, शेवटी रक्ताचे गुण. नेमकं काय आहे? आम्ही प्रेमात कुठे कमी पडतोय का?
— एक आई, सांगली जिल्हा

ता. क. : सूनबाईंच्या पत्रात माझीही एक शंका. आमच्या वेळी दोन धपाट्यांत मुलं सरळ होत. इतकी सूट देऊन नात बिघडणार नाही का? — आजोबा

उत्तर : ताई, बाई, समुपदेशक आणि नातेवाईक अशा तिघांनी तुम्हाला तीन उत्तरं दिली, आणि त्यांतलं एकच खरं असणार असं धरून तुम्ही निवड करायला बसला आहात. गोंधळ तिथून सुरू झालाय. पहिली दोन उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात, आणि अशा मुलांच्या बाबतीत बरेचदा तशी ती असतात. तिसऱ्यात तथ्याचा एक कण आहे, पण नातेवाईक दाखवतात तिथे नाही. तेव्हा एकेक धागा सोडवू. सुरुवात पोळीपासून करते, कारण पोळी समजली की बाकीचं समजायला सोपं जाईल.

१९७२चा दुष्काळ पाहिलेलं एखादं माणूस तुमच्या घरात नाही तर गल्लीत नक्की असेल. आता घरात धान्य आहे, मुलं मिळवती आहेत, तरी अशा आजी उरलेला भाकरीचा तुकडा टाकू देत नाहीत, फडक्यात बांधून ठेवतात. आपण त्यांना चोर म्हणत नाही की हट्टी म्हणत नाही. त्यांनी भूक पाहिली आहे, एवढं कारण आपल्याला पुरतं. तुमच्या मुलीचंही तेच चाललंय. फरक इतकाच की आजींना दुष्काळ आठवतो, त्याची गोष्ट सांगता येते. मुलीपाशी सांगण्यासारखी गोष्टच नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांतले अनुभव पुढे शब्दांत सांगता येतील अशा रूपात मेंदूत साठत नाहीत. पण त्या अनुभवांतून शरीर जे शिकलं ते टिकून राहतं. पुढचं खाणं मिळेलच याची खात्री नसते, हे ती बोलायला लागण्याआधीच शिकली असावी. म्हणून ‘अगं, आता सगळं आहे ना!’ या वाक्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. खात्री तिला शब्दांनी होणार नाही, रोजच्या रोज तेच घडत राहिलं तरच होईल.

तेव्हा उशी झाडताना पोळी सापडली तर पंचनामा करू नका. झाकणाचा एक डबा तिच्या नावाने, तिच्या हाताला पोचेल अशा फळीवर ठेवा. चुरमुरे, फुटाणे, खजूर, चिक्की असं लवकर खराब न होणारं काही त्यात असू द्या. डबा तिने कधीही उघडावा, अगदी जेवणाच्या आधी उघडला तरी चालेल, आणि रिकामा झाला की तुम्ही भरायचा. कुलूप नको, ‘आज किती खाल्लंस?’ ही चौकशीही नको. बऱ्याच मुलांची साठवणूक अशाने हळूहळू कमी होते. काहींची प्रवासात, परीक्षेच्या दिवसांत किंवा घरात आजारपण आलं की पुन्हा सुरू होते. तसं झालं तर सगळं वाया गेलं असं समजू नका. डबा मात्र त्या दिवसांत जरा जास्तच भरलेला असू द्या.

आता पोळीच्याही मागे जाऊ. तान्हं बाळ रडतं, कोणीतरी येतं, उचलतं, दूध देतं, थोपटतं, बाळ शांत होतं. दिवसातून कितीदा तरी हे घडतं. त्यातून बाळाचं शरीर दोन गोष्टी शिकतं : झालेला त्रास उतरतो, आणि तो उतरवणारं माणूस हे आहे. संस्था कितीही चांगली असली तरी तिथे एका मावशीकडे अनेक बाळं असतात. पाळ्या बदलतात. जीव लावणाऱ्या मावशीही पाळी संपली की घरी जातात, कधी नोकरी सोडून जातात. बाळ रडतं तेव्हा कधी कोणी येतं, कधी येत नाही, आणि येणारे हात दर वेळी निराळे असतात. अशा बाळाची धोका ओळखणारी यंत्रणा एकतर सतत जागी राहते किंवा उलट मंदावते. म्हणून एखादं मूल पंख्याच्या खडखडाटाने दचकतं, तर दुसऱ्याला गुडघा फुटून रक्त आलं तरी ते रडत नाही, कोणाकडे धावत नाही. लोक दुसऱ्याला ‘किती धीट’ म्हणतात. ते धीटपण नसतं. रडून कोणी येत नाही, हे ते शिकलेलं असतं.

पाहुण्यांच्या मांडीचं कोडं इथेच सुटतं. ज्या बाळाला एक ठरलेलं माणूस मिळतं, ते सात-आठ महिन्यांचं झालं की अनोळखी चेहऱ्याला बिचकू लागतं. हे बिचकणं म्हणजे जवळीक जुळल्याची खूण असते. जिथे माणसं रोज बदलतात तिथे समोर येईल त्याला चटकन आपलंसं करणं मुलाच्या फायद्याचं ठरतं. घरी आल्यावरही ती सवय राहते, आणि ‘किती माणसाळलेली आहे हो!’ असं तिचं कौतुक होतं. आईला मात्र ते आत कुठेतरी लागतं, कारण तीच मुलगी आईच्या कुशीत ताठ होते. ताई, यात तुमच्याविषयीची नावड नाही. पाहुणा तासाभराने जाणार आहे, त्याच्यापाशी तिला गमावण्यासारखं काही नाही. तुमच्यावर विसंबायचं म्हणजे उद्या तुम्ही गेलात तर काय, हा प्रश्न आला. ज्या मुलीची माणसं आधी निघून गेली आहेत, तिला तो धोका फार मोठा वाटतो.

अंग आक्रसण्याचं आणखी एक कारण असू शकतं आणि त्याचा भावनेशी काही संबंध नसतो. काही मुलांना हलका स्पर्शच सहन होत नाही. केस विंचरताना, नखं कापताना, फ्रॉकच्या मानेशी टोचणाऱ्या लेबलावरून ती आकांत करते का? वरातीतला बँड, मिरवणुकीतला डॉल्बी, कुकरची शिट्टी यांनी कान दाबून पळते का? तसं असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवा. तोवर न विचारता मागून मिठी मारू नका. ‘जवळ येऊ?’ असं विचारा. नाही म्हणाली तर शेजारी बसून मटार सोला. मांडीला मांडी लावून केलेली कामं अशा मुलांना समोरासमोरच्या मिठीपेक्षा सोपी जातात.

बाजारातला प्रसंग मात्र हसण्यावारी नेऊ नका, तो तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. घरात ठरवा : मांडीवर घेणं, भरवणं, खाऊ देणं हे आई, बाबा आणि आजोबाच करतील. पाहुण्यांनी नमस्कार घ्यावा, गप्पा माराव्यात, खाऊ आणलाच तर तुमच्या हाती द्यावा. नातेवाईकांना हे तुटक वाटेल, एखादी आत्या रुसेलही. रुसू द्या. मुलीला ‘आपलं माणूस’ आणि ‘ओळखीचं माणूस’ यांतला फरक शिकायचा आहे, आणि सगळेच तिला कडेवर घेत राहिले तर तो तिला कळणार नाही. बाहेर चालताना तिने मागे वळून तुम्हाला शोधलं, तर त्याच क्षणी तिला सांगा : ‘मला शोधलंस ना, बरं वाटलं.’

हे सगळं अंदाजाने लिहिते आहे असं वाटू नये म्हणून रोमानियाची हकिगत थोडी सविस्तर सांगते. या विषयातलं बरंचसं पक्कं ज्ञान तिथून आलं आहे. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीने १९६६मध्ये गर्भपातावर बंदी घातली. घरी पोसता न येणारी मुलं सरकारी अनाथालयांत साठत गेली. डिसेंबर १९८९मध्ये ती राजवट कोसळली आणि आतली अवस्था जगापुढे आली. त्यानंतर अनेक मुलं ब्रिटनमध्ये दत्तक गेली. मायकेल रटर या बालमानसोपचारतज्ज्ञाने रोमानियातून आलेल्या १६५ मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तो ती मुलं तरुण होईपर्यंत चालला. सहा महिन्यांच्या आत संस्थेतून बाहेर पडलेली मुलं ब्रिटनमध्येच जन्मलेल्या दत्तक मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ राहिलेल्यांत मात्र चार अडचणी जास्त प्रमाणात दिसल्या : अनोळखी माणसांशी अतिसलगी, लक्ष न लागणं व चळवळेपणा, स्वमग्नतेसारखी लक्षणं आणि बौद्धिक वाढ मागे पडणं. तरुणपणी पाहिलं तेव्हा बुद्धीतली तफावत भरून निघाली होती. बाकीच्या तीन अडचणी बऱ्याच जणांत टिकून होत्या. आणि याच जास्त काळ राहिलेल्या गटात साधारण पाचातल्या एकाला कोणत्याच वयात ठळक अडचण आली नव्हती.

दुसरा अभ्यास खुद्द बुखारेस्टमध्ये झाला. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी करून निम्मी मुलं प्रतिपालक कुटुंबांत दिली, निम्मी संस्थेतच राहिली. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसांशी असलेली जवळीक सुधारली, आणि जी दोन वर्षांची होण्याआधी गेली त्यांची जास्त सुधारली. साडेचार वर्षांच्या वयात घरातल्या मुलांमध्ये चिंता आणि उदासीही कमी होती. एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याची आणि चळवळेपणाची, लक्षणं मात्र त्या वयात दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली. घर मिळालं, माया मिळाली, भीती कमी झाली, तरी चुळबुळ राहिली. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर यात आहे. त्या अनाथालयांची दशा भयंकर होती आणि आपल्याकडच्या संस्था तशा नाहीत, त्यामुळे तिथले आकडे तुमच्या मुलीच्या कपाळी चिकटवू नका. पण कार्यकारणभाव तोच आहे.

तर आता मुख्य गाठ : एडीएचडी की आघात? वर्गात मागच्या बाकावर पुस्तक पडलं तर भेदरलेलं मूलही दचकून वळतं आणि एडीएचडी असलेलं मूलही वळतं. बाईंना दोन्ही सारखीच दिसतात. कारणं मात्र निराळी असतात. पहिलं मूल धोका कुठून येतो यावर पहारा ठेवत असतं, त्यामुळे फळ्यावर लक्ष द्यायला उसंत नसते. दुसऱ्याच्या मेंदूची लक्ष धरून ठेवण्याची आणि स्वतःला आवरण्याची क्षमताच त्याच्या वयाच्या मानाने मागे असते, भीती असो वा नसो. म्हणून दोन-तीन आठवडे एका वहीत टिपून ठेवा : चुळबुळ कधी वाढते? बाबा परगावी गेल्यावर, नव्या बाई आल्यावर, कोणी आवाज चढवल्यावर, झोपायच्या वेळी, अशी ठरावीक वेळी वाढत असेल तर भीतीचा वाटा मोठा आहे. शांत घरात, आवडीचं चित्र रंगवतानाही ती तितकीच सैरभैर असेल, पट्टी, डबा, चप्पल रोज हरवत असेल, शाळा आणि घर दोन्हीकडे सारखंच असेल, तर एडीएचडीचा विचार करायला हवा. बहुतेक वेळा वहीत दोन्ही प्रकारच्या नोंदी निघतात, कारण एकाच मुलात दोन्ही असतात. ही वही तज्ज्ञांना तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

चूक दोन्ही बाजूंनी होते. ‘दत्तक आहे ना, रुळेल हळूहळू’ असं म्हणत तीन-चार वर्षं गेलेली मुलं असतात. दरम्यान ती रोज वर्गात बोलणी खाऊन ‘मी वाईट आहे’ एवढं मात्र पक्कं शिकतात. उलट, सगळं एडीएचडीच्या खात्यात टाकलं तर भीतीवर कोणी कामच करत नाही. तुमच्या समुपदेशकांनी वेळ द्या म्हटलं ते बरोबर आहे, पण तीन वर्षं झाली आहेत. माझं स्पष्ट मत असं की आता तपासणी पुढे ढकलू नका. औषधाचं नाव काढलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो, मी ते समजू शकते. सहा वर्षांखालच्या मुलांत सहसा आधी पालकांना प्रशिक्षण देतात. त्यापुढच्या वयात गरज असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञ औषधाचा विचार करतात आणि भूक, झोप, वजन यांवर नजर ठेवतात. औषधाने लक्ष लागायला मदत होते. ‘आई उद्या असेल का?’ या प्रश्नाला औषध नाही, त्याचं काम वेगळं करावं लागतं.

तपासणीत आधी साध्या गोष्टी संपवा. ऐकू नीट येतं का, नजर बरोबर आहे का, रक्तात लोह पुरेसं आहे का, झोप पुरी होते का, तोंड उघडं टाकून घोरते का. यांपैकी एक जरी बिघडलं असेल तर मूल वर्गात अस्वस्थ दिसतं. मग भाषेकडे या, आणि इथे मला जरा थांबायचंय, कारण आपल्याकडे ही बाब फार सुटते. तुमची मुलगी चार वर्षं तेलुगू ऐकत-बोलत होती. एका प्रवासात तिची सगळी भाषा गेली. सहा-आठ महिन्यांत ती घरातलं मराठी बोलू लागली असेल, पण ‘उतारा वाचून उत्तरे लिहा’ हे मराठी निराळं असतं, ते यायला कितीतरी वर्षं लागतात. तिच्यावर घेतलेली बुद्धिमापन चाचणी दुसऱ्या भाषेत झालेली असते, हे तपासणाऱ्यांना आवर्जून सांगा. तो आकडा अंतिम मानू नका. आणि तेलुगूही पुसू नका. तिला एखादं बडबडगीत आठवत असेल तर म्हणू द्या. ‘ते जुनं विसर’ असं सांगितलं की मूल आठवणी विसरत नाही, फक्त तुमच्यापाशी बोलायचं थांबतं.

दत्तक घेताना तुम्हाला बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल मिळाले होते. ते कपाटातून काढून पुन्हा वाचा. तेव्हा आनंदात नजरेआड झालेल्या ओळी आता महत्त्वाच्या वाटतील : जन्माचं वजन, दिवस भरण्याआधी जन्म झाला का, संस्थेत कितव्या महिन्यात आली, किती जागा बदलल्या, चालायला-बोलायला कधी लागली. ज्या संस्थेने पाठपुरावा केला, तिथल्या सामाजिक कार्यकर्त्यांना फोन करा. नियमानुसार मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याचा अहवाल होतो. तुमची ती दोन वर्षं संपली आहेत. अडचण अशी की शाळेचा खरा ताण पहिली-दुसरीतच सुरू होतो, म्हणजे कागदावरचा पाठपुरावा संपतो तिथे गरज वाढते. तरी संस्था आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याकडे सल्ला मागायला काहीच आडकाठी नाही. ‘त्यांना वाटेल आम्हाला मूल सांभाळता येत नाही’ या धाकाने पालक गप्प बसतात. तसं करू नका.

तपासणीसाठी पुण्या-मुंबईलाच धावलं पाहिजे असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून सुरू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि विकासातल्या अडचणी असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी मात्र स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षापासून मिळू शकतं, तेव्हा वाचन-लेखनात अडखळत असेल तर पुढच्या वर्षी तीही तपासणी करून घ्या. पुढे राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतींसाठी ते लागतं.

आता रक्ताचे गुण. एडीएचडी आणि स्वमग्नता यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे खरं. पण तो जन्म दिलेल्या मुलांतही तितकाच असतो. तुमच्या नातेवाईकांच्याच घरात एखादे काका उभ्या जन्मात एका जागी स्वस्थ बसलेले नसतील, आणि त्यांना कोणी ‘रक्ताचा दोष’ म्हटलं नसेल. शिवाय जन्माआधी आईचं कुपोषण, ताण, दारू, अपुऱ्या दिवसांचा जन्म यांचाही मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. यात चारित्र्याचा कुठेच संबंध नाही. खोटं बोलणं, वस्तू लपवणं, पळून जाणं हे गुण रक्तातून उतरत नाहीत. नातेवाईकांना एक गोष्ट हात जोडून पण ठामपणे सांगा : आपल्या घरांत ‘तुला बोहारणीकडून घेतलंय’ ही गंमत मुलांना सर्रास करतात. या मुलीला ती कधीही, कोणीही करायची नाही. ‘ऐकलं नाहीस तर परत पाठवू’ हे रागाच्या भरातही नाही. इतर मुलांना ती थाप आहे हे कळतं. हिच्या बाबतीत असं खरंच घडलेलं आहे.

प्रेमात कमी पडतोय का, असं तुम्ही विचारलंत. नाही. पण प्रेम दिलं की आपोआप सगळं सुटतं ही समजूत मात्र सोडा, कारण तिनेच तुम्ही खचत चालला आहात. न सुटलेली प्रत्येक गोष्ट मग स्वतःच्या प्रेमाची परीक्षा वाटू लागते. या मुलांना मायेइतकीच निश्चितता लागते. उठणं, न्याहारी, शाळा, खेळ, जेवण, झोप यांचा क्रम ठरलेला हवा. वाचता येत असलं तरी चित्रांचा तक्ता भिंतीवर हवा. बदल होणार असेल तर आदल्या दिवशी सांगायला हवा. एका वेळी एकच सूचना द्या. वय सात असलं तरी भावनेच्या बाबतीत ती काही वेळा चार वर्षांची असेल, आणि बाटलीने दूध मागितलं, बाळासारखं बोलली, तर थोडे दिवस चालू द्या. आकांत सुरू झाला की त्या वेळी उपदेश करू नका. तेव्हा ती ऐकण्याच्या स्थितीत नसते. जवळ, पण अंग न लावता बसा, आवाज खाली ठेवा, पाणी द्या. बोलणं नंतर, जेवण झाल्यावर.

शाळेत बाईंना विश्वासात घ्या, त्यांनीच पहिल्यांदा तपासायला सांगितलं ही जमेची बाजू आहे. मुलीची सगळी पूर्वकथा सांगायची गरज नाही, ती तिची आहे. दाराजवळची नाही तर भिंतीकडची, बाईंच्या नजरेतली जागा, मधूनमधून उठायला मिळेल असं काम, आणि ‘माझे कुटुंब’ या प्रकल्पात तान्हेपणीचा फोटो आणायची सक्ती नको, एवढं मागा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. ओणवं उभं करणं किंवा वर्गाबाहेर काढणं होत असेल तर लेखी हरकत घ्या.

आणि तुम्ही? पत्रात स्वतःविषयी एकच वाक्य आहे आणि तेही स्वतःला दोष देणारं. रोज नाकारलं गेल्यासारखं वाटणं दमवून टाकतं. काही आयांना दत्तक मूल आल्यानंतरही बाळंतपणानंतर येते तशी उदासी येते. झोप उडाली असेल, मुलीचा राग येऊन पुन्हा अपराधी वाटत असेल, तर स्वतःसाठी मदत घ्या. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं. दत्तक पालकांच्या गटांत जा. तुमच्या घरातलं ऐकून तिथे कोणी भुवया उंचावत नाही, आणि तेवढ्यानेही खूप हलकं वाटतं.

आता आजोबांची शंका. आजोबा, शिस्त हवीच, आणि या मुलीला ती इतरांपेक्षा जास्त हवी. पण शिस्त म्हणजे आज जे चालतं ते उद्याही चालेल आणि आज जे नाही ते उद्याही नाही. धपाट्याने मूल गप्प होतं हे खरं, पण ही मुलगी घाबरून गप्प होणं आधीच शिकून आलेली आहे. मोठी माणसं अचानक इजा करतात, एवढीच तिची जुनी समजूत त्याने पक्की होईल. अंधाऱ्या खोलीत किंवा दाराबाहेर उभं करणंही नको. तिने वाटी फेकली तर ओरडा न करता सांडलेलं तिच्याकडून, तिच्याबरोबर बसून, पुसून घ्या. नियम तीन-चारच ठेवा आणि ते सूनबाईंचे, मुलाचे आणि तुमचे एकच असू द्या.

घरात रिकामा वेळ असलेले तुम्ही एकटे आहात, म्हणून एक मोठं काम तुमच्याकडे येतं. रोज ठरलेल्या वेळी तिला मैदानावर न्या. तिला धावायला, चढायला, लोंबकळायला मिळालं पाहिजे, त्याने तिचं अंगही शांत होतं. वेळ चुकवू नका. परगावी जायचं असेल तर आदल्या दिवशी तिला कॅलेंडरवर दोन खुणा करायला लावा, जाण्याची आणि परतण्याची. तिथे गेल्यावर ठरलेल्या वेळी फोन करा, आणि परतायला एखादा दिवस लांबणार असेल तर तेही तिला फोनवर तुम्हीच सांगा, खूण तिच्याकडूनच बदलून घ्या.